लेप लावणारा हात

अकोटहून हिवरखेडकडे निघालं की रस्त्याच्या कडेला एक टिनाचं शेड लागतं. गुरुवारी त्याच्यापुढे जीपगाड्या, मोटरसायकली, कधी एखादी अँब्युलन्ससुद्धा उभी असते. त्या गुरुवारी आम्ही पोहोचलो तेव्हा आत पाय ठेवायला जागा नव्हती. बायका पदरानं वारा घेत होत्या, पोरं मोबाइल उंच धरून चित्रण करत होती, आणि समोरच्या ओट्यावर प्लास्टिकच्या फुलांच्या कमानीखाली उतारे महाराज माइक घेऊन येरझारा घालत होते. आम्ही शेवंती-झेंडू पिकवणारी माणसं. माझी नजर आधी त्या प्लास्टिकच्या फुलांवर गेली.

"डाक्टर काय सांगते?" महाराजांनी विचारलं. "बिमारीचं नाव! अन् तेही इंग्रजीत. म्हंजे ना तुमाले समजलं, ना बिमारीले समजलं!"

शेड हसलं.

"मी नाव नाई सांगत. मी मानूस सांगतो! दवाखाना सोडा असं मी म्हनतो का?"

"नाई!"

"औषध घ्या, मशीनवर जा. पन विहिरीत घूस मरून पडली अन् तुमी वरून तुरटी फिरवून राहिले, तं पानी साफ होईन का? आधी घूस काढा! आता कोनी शिकलेले म्हनतीन, महाराज, हातानं करनी कशी होते? अरे, मोबाइलमधून लहरी निंगतात का नाई?"

"निंगतात!"

"दिसतात का?"

"नाई!"

"मंग?"

या 'मंग'वर टाळ्या पडल्या.

आमचं नाव पुकारलं. बाबा, मी आणि मोठीआई ओट्यावर गेलो. बाबा म्हणजे केशवराव, माझे वडील. मोठीआई म्हणजे माझ्या दिवंगत मोठ्या काकांची बायको, पार्बताबाई. तिचं घर आमच्या घराला लागून आहे. आई घरी अंथरुणावर होती. करणी कोणी केली याची परीक्षा आजाऱ्याची नसते, घरातल्या हातांची असते, असं महाराजांचं म्हणणं होतं.

नितेश नावाच्या सेवेकऱ्यानं मडक्यातल्या तीर्थात बुडवून पिळलेलं एकेक पांढरं फडकं आमच्यापुढे धरलं. त्याच्या हातात प्लास्टिकचे मोजे होते. मागून एक बाई कौतुकानं म्हणाली, "सोवळं किती पाळतात पाहा!"

बाबांनी हात पुसले. फडकं पांढरं. मी पुसले. पांढरं. मोठीआईनं आपले रापलेले, बोटांच्या टोकांना सुईनं घट्टे पडलेले हात पुसले आणि फडकं परत देऊ लागली. ते तिच्या हातातच आधी राखाडी झालं, मग जांभळट, मग काळं. पाचही बोटं त्यावर उमटली.

शेड एकदम ओरडलं. मोठीआई ओरडली नाही. तिनं फडकं उलटं केलं आणि मागची बाजू पाहिली, माप चुकलेलं कापड पाहावं तशी.

"केशवराव," महाराज माइक बाजूला ठेवून हळू आवाजात म्हणाले, आणि तो हळू आवाजच जास्त भयंकर होता, "बाहेर नोका शोधू."

*

आईची, शकुनची, दोन्ही मूत्रपिंडं बरीच वर्षं निकामी होती. डायलिसिसला तिला अकोल्याला न्यावं लागे. मशीनचा कंटाळा तिनं कधी दाखवला नाही. सुईदोरा पिशवीत घालून न्यायची आणि शेजारच्या खाटेवरच्या बायांना गजरा शिकवायची.

मग तिच्या मांड्यांवर जांभळी जाळी दिसू लागली. कातडीखाली कोणी दोरा पसरावा तशी. जाळीचे डाग झाले, डाग काळे पडले, आणि काळी कातडी कडक होऊन कडेनं सुटू लागली. चादर टेकली तरी आई ओठ चावायची. खोलीतला वास जावा म्हणून बाबा दारात निशिगंधाच्या काड्या ठेवत. दोन्ही वास एक झाले. निशिगंध आता मला सहन होत नाही.

डॉक्टर सबीहा अकोल्यात आईवर उपचार करत होत्या. त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं. मूत्रपिंडं थकली की रक्तातल्या कॅल्शियम आणि फॉस्फरसचा तोल जातो. अशा रुग्णांपैकी फार थोड्यांमध्ये हे कॅल्शियम त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचतं. वाहिनी बुजते. पुढच्या कातडीला रक्त पोहोचत नाही, म्हणून ती मरते. मेलेली कातडी काळी दिसते. या आजाराला कॅल्सिफिलॅक्सिस म्हणतात.

"बरं होईन का?" बाबांनी विचारलं.

"काका, खोटं बोलणार नाही. अवघड आहे. डायलिसिस वाढवू, शिरेतून एक औषध देऊ, जखमा स्वच्छ ठेवू, दुखणं कमी करू. जंतुसंसर्ग होऊ द्यायचा नाही. घरचं काहीही लावू नका."

"पन हे झालं कोनामुळं?"

"कोणामुळेच नाही, काका."

बाबा मान हलवत उठले. माझ्या लक्षात आलं की हे उत्तर त्यांच्या पचनी पडलेलं नाही. जन्मभर बागाईत केलेला माणूस. पान वाळलं तर पाणी कमी पडलं, फूल गळलं तर कीड लागली, रोप मेलं तर मुळाशी काहीतरी असणारच. डॉक्टरांकडे 'कसं' होतं, 'कोणी' नव्हतं. आणि 'कोणी' देणारा माणूस आमच्या गावापासून अर्ध्या तासावर बसला होता.

मी अमरावतीला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. सुट्टी मिळाली की दर्यापूरमार्गे घरी यायचे. परीक्षेच्या आधी एका खेपेला आले तर आईच्या मांड्यांवर करड्या रंगाचा लेप. महाराजांनी पुड्या दिल्या होत्या. लेप एकाच बाईच्या हातानं लावायचा आणि परीक्षेच्या गुरुवारपर्यंत त्या हाताला साबण लागू द्यायचा नाही, असा नेम होता. लेप मोठीआई लावत होती आणि तिनं तो नेम काटेकोर पाळला होता.

मी बाबांशी भांडले. ते म्हणाले, "डाक्टरीनबाईच म्हनते अवघड हाय. मंग मी दुसऱ्या दारी काहून नाई जावं? तुह्या पुस्तकात हाय का इलाज?"

माझ्या पुस्तकात इलाज नव्हता. महाराजांकडे सगळ्या घरानं गेलं तर लेप थांबवू, या बोलीवर मी त्या गुरुवारी त्यांच्याबरोबर गेले.

*

गावाला बातमी आमच्या आधी पोहोचली होती. कोणीतरी चित्रण पाठवलं होतं.

मोठीआई आणि आई तरुणपणापासून एकत्र हार करत. त्यांची एक रीत होती. एका लांब दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया. एका टोकाला ही बसायची, दुसऱ्याला ती. दोघी आपापल्या बाजूनं झेंडू ओवत मध्यापर्यंत यायच्या आणि तिथे गाठ मारायच्या. असे हार अकोटच्या बाजारात झटकन जात, कारण दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या उतरत. आई आजारी पडल्यावर मोठीआई दोन्ही बाजू एकटीच ओवायची.

आता तिच्या हातचा हार कोणी घेईना. तिच्या ओट्यावर माल तसाच सुकला. नळावर बाया तिला वाट करून देत, आणि ती वाट फार रुंद असे.

बाबांनी आईला सांगितलंच. मी थांबवायच्या आत.

"बाई?" आई म्हणाली. जावेला ती बाई म्हणे. "बाई काहून करन असं?" आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढचे दिवस ती भिंतीकडेच पाहत राहिली. दुखण्यात कण्हायची तेव्हाही मोठीआईचं नाव घेत नव्हती. आधी तेच घ्यायची.

मोठीआई एकदा दारापर्यंत आली. उंबऱ्याबाहेर थांबून मला म्हणाली, "साधना, मी करनी नाई केली. पन फडकं तं काळं झालं न वो. माह्या डोळ्यानं पायलं मी. झोपीत-बिपीत काई केलं असन का मी?"

ती स्वतःवरच संशय घेऊ लागली होती. आईच्या त्वचेइतकंच हे मला भेसूर वाटलं.

*

रविवारी सकाळी मी आईच्या जखमा धूत होते. डॉक्टरांनी दाखवलं होतं तसं, कोमट सलाईननं, आजूबाजूला वाळून बसलेले लेपाचे पापुद्रे हळूच सोडवत. हात करडे झाले होते. तेवढ्यात देव्हाऱ्यातून जळका वास आला. शेडमधून मिळालेलं माझं फडकं बाबांनी तिथे ठेवलं होतं, कारण निर्दोष हाताचं फडकं घराला राखतं म्हणे. ते घसरून समईजवळ आलं होतं. मी ओल्या हातानं धावत जाऊन उचललं.

माझी पाच बोटं त्यावर काळीकुट्ट उमटली.

मी शिकलेली, वाचणारी बाई आहे. तरीही एक श्वासभर मला वाटलं, म्हणजे मी? मग वळून पाहिलं तर दारात बाबा. ते फडक्याकडे पाहत होते आणि मग माझ्याकडे. मोठीआईकडे त्यांनी जसं पाहिलं होतं, अगदी तसं.

"तू पन?" ते म्हणाले.

त्या दोन शब्दांनी मी भानावर आले. फडकं नाकाशी नेलं. गंजलेल्या खिळ्यासारखा वास. जिथे माझी बोटं लागली नव्हती तिथे ते पिवळसर पडलं होतं. लेपाची पुडी उघडून चिमूटभर जिभेवर ठेवली. तोंड आवळून आलं. हिरडा. सोबत बाभळीची साल असावी.

आमच्या ग्रंथालयात जुन्या हस्तलिखित पोथ्या आहेत. त्यांची देखभाल माझ्याकडे असते. त्यातल्या काहींची शाई कागद खाते, अक्षरं जाळीसारखी गळून पडतात. ती शाई कशी करत ते मला माहीत आहे. हिरड्याच्या पाण्यात हिराकस घातला की दोन फिकी पाणी मिळून काळं होतं.

"बाबा," मी म्हटलं, "हे फडकं हिराकसाच्या पाण्यातलं आहे. लेप हिरड्याचा. ज्या हाताला लेप, त्या हातानं फडकं काळं होणारच. माझ्या हाताला आज लेप आहे."

"हिराकस म्हंजे?"

"फेरस सल्फेट."

बाबा तडक अंगणातून मोटरपंपाच्या खोलीकडे गेले. शेवंतीची पानं पिवळी पडली की ते दरसाली हेच देतात. अर्धी पिशवी तिथे पडून होती. त्यांनी वाटीत हिरवट खडे विरघळवले, डोक्याचा पांढरा दुपट्टा काढला आणि त्याचं टोक बुडवून पिळलं. मग लेपाची पुडी उघडून पाण्यात कालवली आणि स्वतःच्या तळहाताला चोळून हात त्या टोकाला पुसला.

दुपट्टा आधी राखाडी झाला, मग जांभळट, मग काळा.

मी दुसरं टोकही वाटीत बुडवलं आणि त्यावर कपातला कोरा चहा ओतला. चहातही तुरटपणा असतोच. तेही काळं पडलं.

बाबा पायरीवर खाली बसले. "म्हंजे कोनीही लेप लावला असता तं..."

"तोच सापडला असता. म्हणून तर एकाच बाईनं लावायचा. म्हणून साबण नाही. म्हणून त्या नितेशच्या हातात मोजे."

त्यांनी दुपट्टा पायरीवर पसरला. मग म्हणाले, "जो सेवा करीन तोच चोर. असं ठरवून ठेवेल हाय त्यानं."

याहून नेमकं मला कधी मांडता आलेलं नाही.

*

पुढच्या गुरुवारी आम्ही पुन्हा गेलो. बाबा, मी आणि मोठीआई. तिला आणायला बाबा स्वतः तिच्या दारात गेले आणि "वहिनी, चाला," एवढंच म्हणाले. माझ्या पिशवीत थर्मास होता.

ओट्यावर एका तरुण सुनेची परीक्षा चालली होती. सासऱ्याचा पाय मधुमेहानं काळा पडला होता आणि लेप तिनं लावला होता. ती हात पुढे करायलाच तयार नव्हती. मी वर चढले आणि तिच्यापुढचं फडकं उचललं.

"ताई, परीक्षेत मधात येऊ नोका," नितेश म्हणाला.

"परीक्षाच घेते," मी म्हटलं आणि थर्मासमधला कोरा चहा फडक्यावर ओतला. ते सगळ्यांच्या देखत काळं झालं.

शेडमध्ये कुजबुज उठली. महाराज हसले. माणूस चपळ होता. "पाहा! शिकलेल्या बाईच्या चहातही दृष्ट! कोनाच्या घरचा चहा आनला, बाई?"

थोडे लोक हसले. तेव्हा बाबा लेपाची पुडी घेऊन पुढे आले. त्यांना माइक धरता येत नव्हता, ते तसेच बोलले. "मी केशवराव. मांगच्या गुरुवारी माह्या वहिनीचं फडकं काळं झालं, तुमी पायलं. आज ज्याच्या मनात हाय त्यानं इथं यावं, हा लेप हाताले लावावा अन् पुसावा. महाराजानं बी यावं. त्याईनं तं पयले यावं."

महाराज जागचे हलले नाहीत. पुढच्या रांगेतला बुधाजी नावाचा म्हातारा काठी टेकत वर आला. त्यानं दोन्ही हातांना लेप फासला, फडक्याला हात पुसले, आणि त्यावरचे काळे पंजे लोकांना दाखवले.

"घ्या! मीही करनीवाला!" तो ओरडला. "पन करनी केली कोनावर? म्हैस तं माही दोन्ही वख्ताले दूध देऊन राहिली, अन् बुढी माह्याहून ठनठनीत हाय!"

या वेळी शेड हसलं ते वेगळं हसू होतं. माणसं वर येऊ लागली. एकानं लेप लावला, दुसऱ्यानं, तिसरीनं. फडकी काळी पडत गेली. कोणीतरी नितेशला मोजे काढायला लावले. मी माइकवर हिराकस आणि हिरडा समजावून सांगत होते, पण मला वाटतं बुधाजीच्या म्हशीनंच ते जास्त लोकांना पटवलं. ती सून ओट्याच्या कडेला बसून रडत होती आणि तिचा सासरा जीपमधून विचारत होता, "काय झालं वो, सूनबाई? काय झालं?"

महाराज मागच्या दारानं गेले. आम्ही पोलिसांत तक्रार दिली. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. शेडला आता कुलूप आहे.

या प्रकारच्या गोष्टी इथे संपतात. आमची इथे संपली नाही.

*

लोकांसमोर खरं ठरेपर्यंत बाबा थांबले होते; त्याच गुरुवारी दुपारी घरी येऊन त्यांनी आईला सगळं दाखवलं. वाटी, दुपट्टा, लेप, चहा. आई लक्ष देऊन पाहत होती. बुधाजीच्या म्हशीचं ऐकून तिच्या ओठांच्या कडा हलल्या.

"समजलं," ती म्हणाली. "बाईले बोलवा."

मोठीआई आली. हात साबणानं घासून घासून लाल केलेले. ती खाटेच्या पायथ्याशी बसली, जिथे कायम बसायची, आणि तिनं आईच्या पावलावर हात ठेवला. पावलावर जखम नव्हती.

आईनं पाय आखडून घेतला.

क्षणभरच. लगेच तिनं तो पुन्हा पुढे केला आणि म्हणाली, "ठेवा न, बाई." पण मोठीआईचा हात हवेतच राहिला होता. मग तिनं तो ठेवला आणि दोघी बोलत बसल्या, निशिगंधाच्या भावाबद्दल, कोणाच्या तरी लग्नाबद्दल. मी ऐकलेलं त्यांचं ते शेवटचं बोलणं. त्या आठवड्यात जंतुसंसर्ग रक्तात गेला आणि अकोल्याला दवाखान्यात आई वारली. डॉक्टर सबीहा म्हणाल्या, लेपानं संसर्ग झाला की त्याशिवायही झाला असता, हे त्या खात्रीनं सांगू शकत नाहीत. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा अजूनही पुरतो. एरवी मीही 'कोणी' शोधत बसले असते.

आईला आंघोळ मोठीआईनंच घातली. गावातल्या बाया पाणी आणून देत होत्या आणि या वेळी कोणी रुंद वाट करून दिली नाही. मग ती ओट्यावर झेंडूची टोपली घेऊन बसली, एका दोऱ्याला दोन सुया लावल्या आणि एक सुई माझ्याकडे दिली. मला नीट ओवता येत नाही. माझी बाजू वाकडी झाली. आम्ही मध्यापर्यंत आलो तेव्हा, गाठ मारताना, तिनं मान वर न करता विचारलं,

"साधना, तुह्या मायनं पाय वढला, तो दुखलं म्हनून का माह्या हातानं?"

मी म्हटलं, "दुखलं म्हणून. त्या आजारात सगळ्या अंगाला स्पर्श सहन होत नाही."

हे खरं आहे. डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. पण आईनं पाय त्यामुळेच आखडला का, हे मला माहीत नाही. मोठीआईलाही नाही. ती अजून मधूनच विचारते, हार ओवताना, शब्द तेच. मी अजून तेच उत्तर देते. तिचे हार पुन्हा बाजारात जातात. फडक्याचं गुपित गावातली लहान पोरंसुद्धा चहा ओतून करून दाखवतात. पण आखडलेल्या पायाचा उलगडा करणारं कोणतंही पाणी कोणत्याही मडक्यात नाही.

म्हणून हे लिहिलं. दुर्मिळ आजार घरात येतो तेव्हा डॉक्टरांना 'कसं' विचारा. उत्तर कठीण असलं, अपुरं असलं, तरी तेच ऐका. जो तुम्हाला 'कोणी' सांगतो तो आजार बरा करत नाही. तो मरणाऱ्या माणसाच्या उशाशी असलेला सेवेचा हात तेवढा काढून घेतो. कोणी पांढरं फडकं पुढे केलं तर आपले हात पुसण्याआधी त्यावर कपभर चहा ओता. तो वेळेवर ओता. आमचा चहा खरा निघाला, पण एका गुरुवारानं उशिरा.